घरातील जुन्या भांड्याचे वय : एका हंड्याच्या निमित्ताने

(जीर्णोद्धार सोहळ्यानिमित्त भरलेल्या ग्रामस्थांच्या सभेतील भाषण)



ग्रामदेवतेच्या मंदिराचे काम हाती घेतले तेव्हा समितीने घरोघर जाऊन दोन विनंत्या केल्या. पहिली पैशाची. तिला धरमतरच्या आणि मुंबईस्थित ग्रामस्थांनी जो प्रतिसाद दिला त्याचा हिशेब या पुस्तिकेत स्वतंत्र छापला आहे. दुसरी विनंती धातूची. शिखरावर तांब्याचा कळस चढवावयाचा आणि सभामंडपात मोठी घंटा बांधावयाची, तेव्हा घरात निकामी पडलेले तांबे-पितळ देवाच्या कामी द्यावे, अशी ती होती. स्टेनलेस स्टील आल्यापासून तांब्या-पितळेची भांडी माळ्यावर गेली आहेत आणि माळ्यावरचे बोहारणीकडे किंवा मोडीत जात आहे, हे सर्वांना ठाऊकच आहे. त्यामुळे या विनंतीलाही उदंड प्रतिसाद मिळाला. आठ-दहा दिवसांत मंदिराच्या ओवरीत पराती, घंगाळे, बंब, पाय मोडलेल्या समया, ओगराळी, पानाचे डबे, पिकदाण्या यांचा ढीग लागला.

त्या ढिगात एक तांब्याचा हंडा होता. आजचे बोलणे त्या हंड्याविषयी आहे.

हंडा खाडीकाठच्या एका जुन्या घरातून आला. घराचे नाव येथे छापलेले नाही, कारण घरच्या मंडळींची तशी इच्छा आहे. हंडा बुडापासून अर्ध्यापर्यंत धुराने काळा झालेला, बुडाला डाख दिलेला आणि काठाखाली गळ्यावर टिंबाटिंबांनी अक्षरे कोरलेली. अक्षरांची वरची ओळ दिसत होती, खालची काजळीखाली गेली होती. वरच्या ओळीत एका गृहस्थाचे नाव आणि गाव नागोठणे एवढे वाचता येत होते. आडनाव या घरचे नव्हते. शेजारी आकडा होता, तो १८ ने सुरू होणारा.

या हंड्याबद्दल घरात एक सांगितले जाई आणि गावात दुसरे. घरात सांगत की हंडा पेशवाईतला आहे, आकडाच तसा आहे. गावात कुजबुज अशी की हंडा गहाणवटीचा आहे. पूर्वी पावसाळ्याच्या तोंडाला घरातले दाणे संपले की आगरावरची आणि शेतावरची माणसे भांडी गहाण टाकून भात आणीत, आणि ती भांडी पुष्कळदा सुटत नसत. ज्या घरात परक्या आडनावाचे भांडे आहे त्या घराकडे लोक त्या नजरेने पाहतात. घरच्या तरुण मंडळींनी हंडा तत्परतेने आणून दिला यामागे देवाची भक्ती होतीच. पण एकदा वितळला की विषय संपेल हाही विचार होता. त्यांनी तो मोकळेपणाने कबूल केला, हे त्यांच्या मनाचा मोठेपणा दाखवते.

हंडा वितळवण्याआधी वाचावा, असा आग्रह समितीतील एका निवृत्त गुरुजींनी धरला. मग वाचन सुरू झाले. ते कसे झाले हे सविस्तर सांगणे योग्य होईल, कारण प्रत्येक घरात असे एखादे भांडे असतेच.

आधी स्वच्छतेविषयी. जुने भांडे हाती आले की आपल्या बायाबापड्या काथ्या, वीटकर आणि चिंच घेऊन बसतात. रोजच्या भांड्याला ते ठीक. अक्षरांच्या भांड्याला मात्र ते घातक आहे, कारण टिंबांची अक्षरे म्हणजे छिन्नीने पाडलेले उथळ खड्डे, आणि प्रत्येक घासणीबरोबर त्यांचे काठ झिजतात. गुरुजींनी कोमट पाणी, रिठ्याचा फेस आणि मऊ फडके एवढेच वापरले. काजळी सुटायला तीन दिवस लागले. मग अक्षरांवर तांदळाचे बारीक पीठ भुरभुरून ते हलक्या हाताने पुसले. पीठ खड्ड्यांत राहिले आणि अक्षरे पांढरी उठली. काळोख्या खोलीत बॅटरी एका बाजूने आडवी धरली की उरलेली अक्षरेही सावल्यांमुळे दिसतात. शेवटी पातळ कागद गुंडाळून त्यावरून पेन्सिल आडवी फिरवली आणि लेखाचा ठसा घेतला. हा ठसा या कामातला महत्त्वाचा कागद होय. भांडे उद्या चोरीला गेले, तरी लेख राहतो.

खालची ओळ निघाली तेव्हा गहाणवटीची गोष्ट तिथेच संपली. वरच्या ओळीतल्या गृहस्थाची कन्या, तिचे नाव, ‘इजला आंदण’ असे शब्द, मग ‘शके’, मग आकडा, ‘विकारी नाम संवत्सरे’, महिना फाल्गुन, आणि शेवटी ‘वजन शेर २४’. म्हणजे हंडा मुलीच्या लग्नात बापाने दिलेला. आडनाव परके असणारच, कारण ते माहेरचे. आणि मुलीचे नाव घरच्या वंशावळीत सापडत नव्हते तेही त्यामुळेच; लग्नात नाव बदलले, वंशावळीत सासरचे गेले आणि भांड्यावर माहेरचे राहिले. आपल्या वंशावळी पुरुषांच्या असतात. बायकांची नावे शोधायची तर भांड्यांवर शोधावी लागतात, हे थोडे विचित्र असले तरी खरे आहे.

हे सर्व चालले असता घरातल्या सर्वांत वडील आजीबाई ओवरीच्या पायरीवर बसून होत्या. त्या १९५७ साली लग्न होऊन या घरात आल्या. त्यांच्या आजेसासूबाई तेव्हा हयात होत्या आणि त्यांचे माहेर नागोठण्याचे, हे आजीबाईंनी सहज सांगितले. हा हंडा आजेसासूबाई दुसऱ्या कोणाला उचलू देत नसत हेही सांगितले. हे आधी का सांगितले नाही, असे विचारता त्या म्हणाल्या, “मला कुणी विचारलंच नाही.”

आता राहिला काळ. पेशवाईचा समज कसा झाला, ते पाहण्यासारखे आहे. घरच्या कोणी तरी कधी काळी आकडा १८०१ असा वाचला, आणि तो इसवी सन समजला. सन १८०१ म्हणजे दुसऱ्या बाजीरावाची कारकीर्द, तेव्हा हंडा पेशवाईतला. ही चूक घरोघर होते. आपल्याकडच्या जुन्या भांड्यांवरचा आकडा बहुधा शालिवाहन शकाचा असतो. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो. मात्र शकाचे वर्ष गुढीपाडव्याला बदलते आणि इंग्रजी वर्ष १ जानेवारीला, म्हणून जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंतच्या तिथीला ७९ मिळवावे लागतात. पेशवाई १८१८ साली बुडाली तेव्हा शके १७४० चालू होते. म्हणजे शके १८०० च्या पुढचे कोणतेही भांडे पेशवाईतले असूच शकत नाही.

इतर गणनाही आढळतात. गुजराती व्यापाऱ्यांकडून आलेल्या भांड्यावर विक्रम संवत असतो. त्यातून ५७ किंवा, जानेवारी ते दिवाळीच्या काळासाठी, ५६ वजा करावे. जुन्या सरकारी कागदांत फसली साल येते, त्यात ५९० मिळवावे. मोडी कागदांतला सुहूर सन असेल तर ५९९. यातले शेवटचे दोन भांड्यांपेक्षा दप्तरात अधिक भेटतात.

हंड्यावरच्या आकड्याचा तिसरा अंक झिजला होता. हंडा उचलताना गळ्याला हात घालतात; नेमक्या त्याच जागी तो अंक होता. १८, मग पुसट, मग १. म्हणजे १८०१, १८११, १८२१ असे करीत १८९१ पर्यंत दहा शक्यता झाल्या. येथे संवत्सराचे नाव उपयोगी पडले. संवत्सरे साठ, प्रभवापासून क्षयापर्यंत, आणि त्यांची यादी कोणत्याही पंचांगात असते. शकात १२ मिळवून ६० ने भागावे. बाकी येईल तितके संवत्सर प्रभवापासून मोजावे. विकारी हे तेहतिसावे. आता १८२१ अधिक १२ म्हणजे १८३३. साठाने भागून बाकी ३३. जमले. पण साठ वर्षांनी तेच नाव पुन्हा येते, म्हणून शके १८८१ लाही विकारीच. दहांतले दोन उरले. फाल्गुन असल्यामुळे ७९ मिळवून एक होतो मार्च १९०० आणि दुसरा मार्च १९६०.

आजीबाईंच्या साक्षीने १९६० बाद होतेच, कारण त्या १९५७ साली आल्या तेव्हा हंडा घरात होता आणि बुडाचा डाखही होता. परंतु प्रत्येक घरात अशी आजीबाई मिळेल असे नाही. म्हणून हंड्याने स्वतः काय साक्ष दिली, तेही पाहिले पाहिजे.

पहिली साक्ष बांधणीची. हंडा दोन भागांचा आहे, खालचा आणि वरचा, आणि पोटावर जिथे ते जुळतात तिथे करवतीच्या दात्यांसारखी पिवळसर रेघ दिसते. तांबट एका पत्र्याला दाते पाडून ते दुसऱ्या पत्र्यात अडकवीत, वर टाकणखार आणि पितळेचा चुरा टाकून भट्टीत झाळीत आणि सांधा ठोकून सपाट करीत. अंगावर ठोक्यांच्या रांगा असतात, त्याला मठारकाम म्हणतात. त्या ठोक्यांनी पत्रा कडक होतो. यंत्रावर दाबून काढलेल्या भांड्याला सांधा नसतो आणि अंगावर बारीक गोल रेघा असतात. मात्र केवळ ठोक्यावरून भांडे शंभर वर्षांचे ठरवू नये. पुण्याच्या तांबट आळीत हाताचे मठारकाम आजही होते. बांधणी दुजोरा देते, निकाल देत नाही.

दुसरी साक्ष वजनाची, आणि ती निर्णायक ठरली. हंड्यावर २४ शेर लिहिले आहे. शेर म्हटला की ८० तोळ्यांचा पक्का शेर डोळ्यांपुढे येतो, म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅम. त्या हिशेबाने हंडा २२ किलोंवर भरायला हवा. किराणा दुकानाच्या काट्यावर ठेवला तर भरला ७ किलो ४०० ग्रॅम. मंडळी गोंधळली. कोणी म्हणाले, तांबटाने फसवले. कोणी म्हणाले, लेखच खोटा. परंतु जुन्या काळी शेर एक नव्हता, गावोगाव निराळा होता. मुंबईचा जुना मण २८ रत्तलांचा, आणि त्याचे शेर ४०. म्हणजे मुंबईचा शेर सुमारे ३१७ ग्रॅमचा. २४ शेरांचे होतात ७ किलो ६०० ग्रॅम. उरलेले दोनशे ग्रॅम सव्वाशे वर्षांच्या घासण्यात आणि चुलीवर गेले, असे समजायला हरकत नाही. तांबटाने बिचाऱ्याने चोख माल दिला होता.

या वजनाने दोन गोष्टी सांगितल्या. एक, हंडा मुंबईच्या मापाने तोलून विकत घेतला गेला. मुंबईत तांबा काटा नावाचा रस्ता आहे. नावावरूनच तेथे काय तोलले जाई ते कळते. मुंबईची आगबोट धरमतरला लागे, आणि नागोठणेही याच अंबा नदीच्या काठचे बंदर. लग्नाचे सामान बोटीने येणे हे त्या काळी बैलगाडीने घाट उतरण्यापेक्षा कितीतरी सोपे. दुसरे, मुंबई इलाख्यात १९३२ साली वजनमापांचा कायदा झाला आणि ८० तोळ्यांचा शेर सर्वत्र प्रमाण ठरला. पुढे १९५६ च्या कायद्याने दशमान पद्धत आली, आणि १९५८ पासून टप्प्याटप्प्याने किलोग्रॅम रूढ होऊन १९६२ साली शेर बाद झाला. मार्च १९६० मध्ये हंडा घेतला असता तर त्यावर पक्का शेर तरी असता किंवा किलो तरी. मुंबईचा जुना शेर नसता. म्हणून हा हंडा शके १८२१ च्या फाल्गुनातला, म्हणजे मार्च १९०० चा. बेरीज, भागाकार आणि वाण्याचा काटा एवढ्यावर हा निकाल लागला.

लग्नात हंडाच का दिला, हे धरमतरच्या माणसाला सांगायला नको. आपला हा खारेपाट. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला मिठागरे, आणि पिण्याचे पाणी डोक्यावरून आणायचे. नागोठण्याच्या बापाला मुलगी कुठे पडते आहे हे माहीत होते. सोन्याच्या चार मण्यांपेक्षा चांगला मोठा हंडा तिच्या कामी येईल असे त्याला वाटले असावे.

कोणी म्हणेल, पेशवाईतला निघाला असता तर मान होता. १९०० चा निघाला, त्यात काय मोठेसे? हा विचार सोडून द्यावा. जुन्या वस्तूंच्या बाजारात याच हौसेवर धंदा चालतो. नव्या पितळेला मीठ, आंबट आणि नवसागर लावून हिरवा गंज चढवतात, खोटे शक कोरतात, आणि ‘शिवकालीन’ म्हणून विकतात. खरा १९०० चा हंडा खोट्या पेशवाई हंड्यापेक्षा शंभरपट मोलाचा आहे, कारण त्याच्यावर जे लिहिले आहे ते घरातल्या एका बाईविषयी लिहिले आहे.

धातू वितळवण्याचा प्रश्न देवाच्या कामात आला म्हणून एक उदाहरण देणे उचित होईल. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी आप्पांनी पोर्तुगिजांकडून वसई घेतली. त्या मोहिमेत चर्चमधल्या मोठमोठ्या घंटा मराठ्यांच्या हाती आल्या. त्या काळी तांब्या-कथलाला सोन्यासारखी किंमत, तोफा ओतायला हीच धातू लागे. तरी त्या घंटा वितळवल्या नाहीत, देवळांना दिल्या. आपल्या जवळच पालीच्या बल्लाळेश्वराच्या देवळातली मोठी घंटा चिमाजी आप्पांनी वसईच्या विजयानंतर दिलेली, असे सांगतात. वाईजवळ मेणवलीला नाना फडणीसांच्या वाड्यामागच्या घाटावर तशीच एक आहे. तिच्यावर मेरी आणि बाळ येशूची आकृती आणि १७०७ हा आकडा आहे. नाशिकच्या नारोशंकराच्या घंटेवर १७२१ आहे. हे आकडे मात्र इसवी सनाचेच, त्यांत काही मिळवायचे नाही. परक्या धर्माची अक्षरे आणि आकृती जशाच्या तशा ठेवून त्या घंटा आपल्या देवापुढे वाजत राहिल्या, म्हणून आज त्यांचे वय सांगता येते. खोडून काढल्या असत्या तर नुसते कासे उरले असते.

घंटेसंबंधी एक व्यवहाराची गोष्टही समितीच्या लक्षात आली. चांगल्या घंटेचे कासे म्हणजे सुमारे चार भाग तांबे आणि एक भाग कथील. त्यात जस्त आणि शिसे मिसळले की नाद बसतो. घरोघरच्या मोडीत पितळ असते म्हणजे जस्त आले, आणि डाख असतो म्हणजे शिसे आले. असा सगळा ढीग एकत्र ओतला असता तर घंटा मोठी झाली असती, पण वाजली असती परातीसारखी. तेव्हा ओतणाऱ्या कारागिराच्या सल्ल्याने मोड विकून त्या पैशांत शुद्ध तांबे आणि कथील घ्यावयाचे ठरले. देणगीदारांचा धातू वाया गेला, असे कोणी मानू नये.

मोड विकण्यापूर्वी ढिगातले प्रत्येक भांडे पाहिले गेले. नुसते नाव असलेली पुष्कळ निघाली. नाव आणि शक दोन्ही असलेली थोडी. ज्यांवर शक होता ती सर्व ठसा घेऊन ज्या त्या घरी परत पाठवली आणि त्याबदली यथाशक्ती रोख देणगी घेतली. ठशांचे कागद मंदिराच्या दप्तरात बाडात बांधून ठेवले आहेत. कोणाला पाहायचे असल्यास समितीच्या चिटणीसांना सांगावे. आपल्या भांड्याचे काय करावे हे ज्यांना सुचत नसेल त्यांनी पुण्याला गेल्यावर राजा दिनकर केळकर संग्रहालय पाहावे. काकासाहेब केळकर यांनी आयुष्यभर हिंडून दिवे, अडकित्ते, भांडी, कुलपे गोळा केली, आणि १९७५ साली तो सारा संग्रह राज्य सरकारच्या स्वाधीन केला. तिथे राजेरजवाड्यांपेक्षा आपल्यासारख्यांच्या घरातलेच सामान अधिक आहे.

कायद्याचेही दोन शब्द, कारण मंदिराचे आवाराचे खोदकाम अजून बाकी आहे. घरात वडिलोपार्जित चालत आलेले भांडे ही त्या घराची मालमत्ता, त्यात कोणी हात घालीत नाही. पण पाया खोदताना जमिनीत पुरलेली दहा रुपयांहून अधिक किमतीची वस्तू सापडली तर १८७८ च्या निखात निधीच्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणे बंधनकारक आहे. दहा रुपये हा आकडा आज हास्यास्पद वाटतो, पण कायद्यात तो आहे. तसेच शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू किंवा पुराणवस्तू देशाबाहेर नेण्यास १९७२ च्या कायद्याने खाजगी माणसास मनाई आहे. परदेशी असलेल्या आपल्या मुलाबाळांना आजीची समई धाडण्यापूर्वी तिच्यावरचा शक वाचावा.

हंडा घरी परत गेला. घरच्यांनी त्याच्या बदली तेवढ्याच वजनाचे नवे तांबे घेऊन दिले. ते कळसाच्या पत्र्यात गेले आहे. कलशारोहणाच्या दिवशी अभिषेकाचे पहिले पाणी या हंड्यातून आणावे, अशी विनंती समितीने केली आणि घरच्यांनी ती मान्य केली. तरुण मंडळी त्यासाठी हंडा लखलखीत करायला निघाली होती. आजीबाईंनी अर्ध्यावरच थांबवले. गळा आणि अक्षरे उजळली आहेत, बुडाची काजळी तशीच आहे. ती आजेसासूबाईंच्या चुलीची आहे, असे त्यांचे म्हणणे.